एंजिनातील तेलाची पातळी : मापन व मापनदोष

मोटारीच्या एंजिनात वंगणाचे तेल पुरेसे आहे की नाही, हे पाहण्याचे प्रचलित साधन म्हणजे डिपस्टिक ही साधी पोलादी दांडी होय. दांडीच्या टोकाशी किमान व कमाल अशा दोन खुणा असतात. तेलाची ओल या दोहोंच्या दरम्यान दिसली की पाहणारा निश्चिंत होतो. परंतु दांडी दाखविते ती तेलाची एका विशिष्ट जागेवरील, एका विशिष्ट क्षणाची उंची. एंजिनात एकंदर किती तेल आहे हे ती प्रत्यक्ष दाखवीत नाही. उंचीवरून प्रमाणाचे अनुमान काढावयाचे तर गाडी सपाटीवर असावी, वर चढलेले तेल खाली उतरलेले असावे, तेलाचे तापमान ठरीव असावे आणि मोजला जाणारा द्रव निव्वळ तेलच असावा, या चार अटी पाळल्या जाणे अवश्य असते. या अटींपैकी प्रत्येकीच्या भंगाने वाचनात किती अंतर पडते, याचे विवेचन येथे केले आहे.

तेल कमी वा अधिक असण्याचे परिणाम

एंजिनाच्या तळाशी तेल साठविणारी जी पेटी असते तिला गॅरेजमधील कारागीर ‘चेंबर’ म्हणतात. चेंबरमध्ये बुडालेल्या जाळीतून पंप तेल ओढतो व क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांना दाबाखाली पुरवितो. बेअरिंग व शाफ्ट यांमधील फट मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच असते. तिच्यातील तेलाचा थर अखंड राहिला तरच धातूला धातू लागत नाही. पातळी किमान खुणेखाली गेली असता सरळ रस्त्यावर कदाचित काहीच जाणवणार नाही. परंतु गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या त्वरणाने ब्रेक लावला, तर तेलाचा पृष्ठभाग क्षितिजाशी सुमारे २६.५ अंशांचा कोन करतो. अशा वेळी जाळी उघडी पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढू लागतो. पुढील दर्शनी फळीवरील तेलाचा तांबडा दिवा बहुतेक गाड्यांत तेलाचा दाब दाखवितो, पातळी नव्हे. तो लागेपर्यंत बेअरिंगांचा पुरवठा खंडित झालेला असतो. म्हणून तो दिवा पातळीच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

अधिक तेल भरणेही निर्धोक नव्हे. पातळी फार वर गेली की फिरणाऱ्या क्रँकशाफ्टचे बाहू तेलात आपटतात, तेल घुसळले जाते व त्यात हवेचे बुडबुडे मिसळतात. फेसाळलेले तेल दाबले जाऊ शकत असल्यामुळे बेअरिंगांतील थर दुर्बळ होतो. शिवाय तेलाचे तुषार श्वसननळीतून आत खेचले जाऊन जळतात. तेलातील फॉस्फरसयुक्त घटकांमुळे धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक निकामी होत जातो. डिझेल एंजिनात असे शिरलेले तेल हेच इंधन ठरून चावी बंद केल्यावरही एंजिन अनिर्बंध धावल्याची उदाहरणे आहेत. तात्पर्य, दोन खुणांमधील अंतर ही दोन्ही बाजूंनी बांधलेली मर्यादा आहे आणि मापनातील चूक कोणत्याही बाजूस महाग पडू शकते.

मापनदोषांचा हिशेब

विवेचनासाठी एक आदर्श चेंबर कल्पावे. त्यात ४ लिटर तेल मावते, तेलाच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ ५०० चौरस सेंटिमीटर आहे, आणि दोन खुणांमधील उभे अंतर २० मिलिमीटर आहे. यावरून त्या दोन खुणांमध्ये १ लिटर तेल सामावते आणि १ मिलिमीटर म्हणजे ५० मिलिलिटर होतात.

प्रथम उताराचा विचार करू. दांडी चेंबरच्या मध्यापासून लांबीच्या दिशेने १० सेंटिमीटर अंतरावर असेल आणि गाडी त्याच दिशेने ३ अंश कललेली असेल, तर दांडीजवळील पातळी सुमारे ५ मिलिमीटरने बदलते. म्हणजे पाव लिटराचा फरक पडतो. ३ अंशांचा उतार डोळ्यास सहसा जाणवत नाही. घरापुढील फरसबंदीसही पाणी वाहून जाण्यासाठी ढाळ दिलेला असतो. चढाचा की उताराचा, यावर वाचन वाढते की घटते हे अवलंबून असते.

दुसरा दोष तापमानाचा. खनिज तेलाचा घनप्रसरणांक दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०००७ असतो. तेव्हा ४ लिटर तेल २५ अंशांवरून ९५ अंशांपर्यंत तापले असता सुमारे ०.२ लिटरने फुगते आणि कल्पिलेल्या चेंबरमध्ये पातळी ४ मिलिमीटरने चढते. धातूच्या पेटीचे प्रसरण त्या मानाने नगण्य होय. तेलाचे वस्तुमान मात्र तिळमात्रही वाढलेले नसते.

तिसरा दोष, म्हणजे वर राहून गेलेल्या तेलाचा, अधिक उद्बोधक आहे. एंजिन चालू असता बरेचसे तेल वरच्या भागांत, भिंतींवर व वाहिन्यांत पसरलेले असते. उभ्या पृष्ठावरून द्रव कसा ओघळतो याचे गणित हॅरल्ड जेफ्रीझ यांनी १९३० साली मांडले. त्यानुसार उरलेल्या थराची जाडी श्यानतेच्या वर्गमूळाच्या सम प्रमाणात व लोटलेल्या काळाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असते. आतील भिजलेले क्षेत्रफळ १ चौरस मीटर, उंची ३० सेंटिमीटर व तापलेल्या तेलाची श्यानता १५ सेंटिस्टोक्स धरली, तर एंजिन थांबल्यानंतर १० सेकंदांनी भिंतींवर सुमारे १४० मिलिलिटर तेल असते. ५ मिनिटांनी ते सुमारे २६ मिलिलिटर उरते. थंड तेलाची श्यानता १५० सेंटिस्टोक्स मानली, तर तेवढेच तेल उतरण्यास ५ मिनिटांऐवजी ५० मिनिटे लागतील. थंड एंजिन क्षणभर चालवून लगेच पातळी पाहण्यात असणारा धोका यावरून स्पष्ट होतो. हा हिशेब फक्त मोकळ्या भिंतींचा आहे. सिलिंडर-हेडवरील खळग्यांतून व परतीच्या अरुंद वाटांतून उतरणाऱ्या तेलास आणखी अवधी हवा.

हे तीन दोष प्रसंगी परस्परांना छेद देतात. गरम तेल फुगलेले असते, म्हणून पातळी वाढते; नुकतेच थांबलेल्या एंजिनात तेल वर अडकलेले असते, म्हणून ती घटते. मात्र ते एकाच दिशेने जुळून आले तर अर्ध्या लिटराची, अर्थात खुणांमधील निम्म्या अंतराची चूक सहज संभवते. यावरून निर्मात्यांच्या सूचनांत आढळणाऱ्या भिन्नतेचाही उलगडा होतो. काही निर्माते एंजिन थंड असता, तर काही ते गरम करून व काही मिनिटे थांबून पातळी पाहावी असे सांगतात. यांत विरोध नाही. दांडीवरील खुणा ज्या स्थितीसाठी आखल्या गेल्या त्याच स्थितीत त्या वाचाव्यात, एवढाच त्याचा अर्थ. हवेने थंड होणाऱ्या पोर्शे ९११ गाडीत तेलाची टाकी निराळी असते. तेथे एंजिन गरम व मंद गतीने चालू ठेवूनच दांडी पाहावी लागते, कारण ते बंद होताच टाकी व एंजिन यांतील तेलाची वाटणी बदलते.

वाचनाची रीत

गाडी सपाट जागी उभी करून, निर्मात्याने सांगितलेल्या स्थितीत व अवधीनंतर दांडी बाहेर काढावी. पहिले वाचन ग्राह्य धरू नये. एंजिन चालू असता उडालेले तेल दांडीवर वरपर्यंत माखलेले असते. शिवाय नळीचे तोंड घट्ट बंद असल्यास आत कोंडलेल्या हवेमुळे नळीतील पातळी बाहेरच्या पातळीहून वेगळी राहू शकते. दांडी सूत न सोडणाऱ्या कापडाने पुसावी, पुन्हा पूर्ण बसेपर्यंत आत घालावी व काढून दोन्ही बाजूंनी पाहावी. एका बाजूचे तेल बहुधा नळीच्या भिंतीस घासून वर ओढले गेलेले असते. म्हणून दोहोंपैकी जी खालची, अखंड ओलीची रेषा असेल तीच खरी मानावी. नवे तेल इतके स्वच्छ असते की त्याची रेषा चटकन दिसत नाही. अशा वेळी दांडी तिरप्या प्रकाशात धरावी. दोन वाचने जुळली नाहीत तर तिसरे घ्यावे.

मोटारसायकलीत चेंबर लहान, तेल कित्येकदा लिटरभराहूनही कमी. म्हणून प्रमादाचे सापेक्ष मान मोठे. गाडी बाजूच्या स्टँडवर कललेली असता केलेले वाचन निरर्थक होय. ती सरळ उभी असली पाहिजे. होंडा सुपर कब व तिच्या धर्तीच्या अनेक एंजिनांत दांडी टोपणाला जोडलेली असते आणि टोपणाचे आटे न फिरवता, ते नुसते टेकवून पातळी पाहावयाची असते. आटे आवळून पाहिल्यास दांडी तितकीच अधिक खोल जाते व तेल आहे त्याहून अधिक दिसते.

तेल बदलल्यानंतरची तपासणी दोन टप्प्यांत करावी. नवा फिल्टर रिकामा असतो. एंजिन प्रथम चालू होताच तो भरतो व चेंबरमधील पातळी त्या प्रमाणात उतरते. पुष्कळशा फिल्टरांत तेल परत उतरू न देणारी झडप असल्याने हे तेल पुढे चेंबरमध्ये येत नाही. म्हणून एंजिन थोडा वेळ चालवून, थांबवून, पुन्हा पाहिल्यावाचून पातळी ठरवू नये. तेल भरताना ते पाव पाव लिटराने भरून प्रत्येक वेळी थोडे थांबून दांडीवरील उंची टिपून ठेवली, तर त्या एंजिनाची स्वतंत्र मापनपट्टीच तयार होते. चेंबरचा आकार खाली निमुळता असल्यास ती सम नसते, हेही त्यावरून दिसून येते.

स्थिर पातळीचा भ्रम

चौथी अट द्रवाच्या शुद्धतेची, आणि तीच सर्वांत दुर्लक्षित आहे. पिस्टनवरून इंधन खाली झिरपून तेलात मिसळते. तेल जळून ३०० मिलिलिटर कमी झाले आणि त्याच काळात तितकेच इंधन मिसळले, तर दांडी पूर्ववत पातळी दाखवील. प्रत्यक्षात तेल घटलेले आणि उरलेले पातळ झालेले असेल. ‘तेल मुळीच खात नाही’ अशी ज्या एंजिनाची ख्याती असते, ते याच अवस्थेत असू शकते.

पातळी वाढणे हे तर निश्चित संकटचिन्ह होय. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे मानक लागू झाल्यावर डिझेल मोटारींत काजळी अडविणाऱ्या गाळण्या सर्रास आल्या. त्यांत साठलेली काजळी जाळण्यासाठी अनेक एंजिनांत सिलिंडरमध्ये उशिरा जादा इंधन सोडले जाते व त्याचा काही भाग भिंतींवरून तेलात उतरतो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील थांबत-थांबत होणाऱ्या अल्प प्रवासात ही जळणाची क्रिया वारंवार अर्धवट राहते, आणि पातळी चढत जाते. पेट्रोल एंजिनेही यास अपवाद नाहीत. २०१८ साली चीनमध्ये होंडा कंपनीच्या १.५ लिटर टर्बो एंजिनांच्या गाड्यांत थंड हवेत पेट्रोल मिसळून तेलाची पातळी वाढल्याचे आढळले व कंपनीला त्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरल्याचा संशय घ्यावा. म्हणून पातळीबरोबर तेलाचा वास, रंग व दाटपणा यांचीही नोंद करणे इष्ट.

काही आधुनिक गाड्यांत दांडी अजिबात नसते. ध्वनिलहरींच्या वा विद्युत्-धारकतेच्या तत्त्वावर चालणारे संवेदक पातळी मोजतात. ते तापमान व हालचाल यांचा हिशेब करून अनेक वाचनांची सरासरी घेऊ शकतात, हा त्यांचा लाभ. परंतु तेही उंचीच मोजतात. इंधनाने भरून निघालेली तूट निव्वळ उंचीवरून त्यांनाही ओळखता येत नाही.

एकाकी वाचन व वाचनांची मालिका

काळजीपूर्वक केलेल्या वाचनातही १ ते २ मिलिमीटरची, म्हणजे कल्पिलेल्या चेंबरमध्ये सुमारे ५० ते १०० मिलिलिटरची अनिश्चितता उरते. एखादे एंजिन १,००० किलोमीटरांत १०० मिलिलिटर तेल खात असेल, तर तेवढ्या प्रवासानंतरचा फरक या अनिश्चिततेतच बुडून जातो; ५,००० किलोमीटरांनंतर तो अर्धा लिटर होऊन स्पष्ट दिसतो. याहून सूक्ष्म निष्कर्ष हवे असल्यास प्रयोगशाळेत तेल काढून, ठरीव वेळ निथळू देऊन वजन करण्याचाच मार्ग धरावा लागतो. वजनावर तापमानाचा परिणाम होत नाही.

नित्याच्या वापरात मात्र दांडीची उपयुक्तता कमी नाही. तीच जागा, तीच वेळ, तीच दिशा आणि तेच तापमान राखले, तर उताराचा व प्रसरणाचा दोष प्रत्येक वाचनात सारखाच राहतो आणि दोन वाचनांच्या वजाबाकीत नाहीसा होतो. पहाटे, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर, ठरलेल्या जागी केलेली आणि किलोमीटरांसह वहीत टिपलेली पाच वाचने एंजिनाच्या प्रकृतीविषयी जे सांगतात ते पेट्रोल-पंपावर घाईने पाहिलेली एक रेषा सांगू शकत नाही. निर्मात्याने गरम स्थिती सांगितली असल्यास पहाटेचे हे वाचन खुणांशी ताडू नये. ते आपल्याच आधीच्या वाचनांशी ताडावे. मग पातळी ओळीने घटत असेल तर तेल कोठे जाते हे शोधावे. वाढत असेल तर त्यात काय मिसळते हे शोधावे. आणि दीर्घ प्रवासानंतरही ती तसूभर हलत नसेल, तर तेलाची परीक्षा केल्यावाचून समाधान मानू नये.