घोटाचा आवाज कधी ऐकलात?

मैत्रिणींनो, पाण्याचा एक घोट घ्या आणि आपल्याच गळ्याकडे जरा लक्ष द्या. ‘गुटुक्’ असा बारीक आवाज आला ना? दिवसातून शेकडो वेळा आपण गिळतो, अगदी झोपेतसुद्धा. पण त्याकडे कान देतं कोण!

घशात हवेची आणि अन्नाची वाट एकमेकींना छेदते. म्हणून गिळताना श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं (गळ्यावर बोट ठेवून पाहाच!), त्यावरचं झाकण पडतं आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. गळ्याला स्टेथोस्कोप लावला, तर निरोगी माणसात बहुधा पाठोपाठ दोन ‘टक् टक्’ आणि मग उच्छ्वास ऐकू येतो. सारा खेळ एखाद्या सेकंदाचा! संशोधक गळ्यावर चिमुकला मायक्रोफोन चिकटवून हे आवाज टिपतात आणि संगणकावर मोजतात. आधी निरोगी माणसांचे. कारण चांगला सूर ठाऊक असेल, तरच बेसूर ओळखता येतो, नाही का?

आपल्या घराशी याचा संबंध आहे, बरं का. पक्षाघातानंतर पुष्कळांचं गिळणं बिघडतं आणि अन्नपाणी श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. सासूबाई-मामंजींना भरवताना हे ऐका:

- प्रत्येक घोटाला ठसका लागतो का?
- गिळल्यावर आवाज ओलसर, घरघरता येतो का?
- एका घासाला तीन-चारदा गिळावं लागतं का?

असं असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. मात्र कित्येकांना ठसका न लागताच अन्न चुकीच्या वाटेला जातं. तेव्हा कानावर सगळी भिस्त नको. वारंवार ताप, छातीत कफ, वजन घटणं हीसुद्धा खूणच. खरी तपासणी बेरियम देऊन घेतलेल्या क्ष-किरण चित्रफितीत होते.

तोवर काय करावं? आजाऱ्याला निजवून किंवा पेंगत असताना भरवू नये. नीट ताठ बसवावं. घास लहान, आधीचा गिळल्यावरच पुढचा. जेवणानंतर अर्धा तास बसूनच ठेवावं. ठसका लागला की आपण ‘वर बघ, वर बघ’ म्हणतो. तसं मान मागे टाकून मुळीच भरवू नये. पाणी झरकन उतरतं, म्हणून तेच पुष्कळदा सर्वांत अवघड जातं. पेय किती दाट द्यायचं, ते वाचा-उपचारतज्ज्ञांना विचारूनच ठरवा.

‘जेवताना बोलू नये’ असं आपल्या आज्या सांगत. भरवणारीनंही तेव्हा गप्प राहावं, आणि ऐकावं!