सरांना मेल गेला, उत्तर कधी येणार?

समजा, वाळूजच्या कारखान्यातली दुसरी पाळी रात्री अकराच्या सुमारास सुटली. बजाजनगरच्या खोलीवर पोहोचलेला तरुण मोबाइल उघडतो. मुक्त विद्यापीठाचा गृहपाठ परवा द्यायचा आहे आणि एक प्रश्न अडला आहे. तो मेल टाकतो : ‘सर अर्जंट आहे. चौथा प्रश्न समजला नाही. प्लीज रिप्लाय.’ विषयाची ओळ रिकामी, खाली नाव नाही. मेलचा पत्ता बारावीत असताना नेट कॅफेत काढलेला. त्यात आडनावाच्या जागी ‘किंग’ आणि पुढे चार आकडे. सकाळी सर इनबॉक्स उघडतात तेव्हा हा विद्यार्थी कोण, कोणत्या वर्षाचा, कोणत्या विषयाचा, काहीच कळत नाही. नंतर पाहू म्हणून मेल खाली सरकतो. परवाचा दिवस निघून जातो.

यात उद्धट कोणीच नव्हते. विद्यार्थ्याला वाटले, सरांनी लक्ष दिले नाही. सरांना वाटले, मुलांना साधे लिहिण्याची रीत नाही. मेल कसा लिहायचा आणि उत्तराची वाट किती पाहायची, हे दोघांनाही कोणी सांगितलेले नव्हते.

हा प्रश्न आता इतका मोठा का झाला?

दूरस्थ शिक्षण मराठवाड्याला नवे नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चे. त्याचे विभागीय केंद्र शहरात आहे. नोकरी सांभाळून, घर सांभाळून शिकणाऱ्यांची एक पिढी त्यातून पदवीधर झाली. तेव्हा शंका रविवारी अभ्यास केंद्रावर जाऊन संमंत्रकांना विचारली जायची. आता तोच प्रश्न मोबाइलवरून जातो.

दुसरा बदल ‘स्वयम्’चा. केंद्र सरकारचे हे व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून करता येतात, आधी ही मर्यादा २० टक्के होती. म्हणजे कन्नड किंवा सिल्लोडच्या महाविद्यालयात प्रवेश घेतलेली मुलगी एखादा विषय आयआयटीच्या प्राध्यापकाकडून शिकू शकते. त्या प्राध्यापकाला ती कधी भेटणार नाही. तिची ओळख म्हणजे तिने लिहिलेले चार शब्द.

आणि इथे उशीर गुणांत मोजला जातो. ‘एनपीटीईएल’च्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात दर आठवड्याला असाइनमेंट असते. त्यांतल्या सर्वोत्तम आठ धरून २५ गुण, परीक्षेचे ७५. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० गुण लागतात. मुदत संपल्यावर आलेले उत्तर कितीही सविस्तर असले तरी त्या आठवड्यापुरते निरुपयोगी.

शिक्षक उत्तर का देत नाहीत?

बहुतेक वेळा कारण आळस नसते. आकडेमोड करून पाहा. आयोगाच्या २०२० च्या नियमावलीत ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी २५० विद्यार्थ्यांच्या तुकडीमागे एक मेंटॉर, असे प्रमाण आहे. प्रत्येकाने आठवड्यात एकच मेल केला आणि वाचून उत्तर लिहायला पाच मिनिटे लागली, तर १,२५० मिनिटे होतात. जवळजवळ २१ तास. शिकवणे, तपासणी, परीक्षेचे काम याच्या बाहेरचे. त्यात ज्या मेलवर नाव आणि विषय नाही, त्याला पाचाची दहा मिनिटे लागतात, कारण आधी उलट विचारावे लागते : ‘आपण कोण?’

म्हणूनच ‘स्वयम्’च्या रचनेत व्हिडिओ, वाचन साहित्य आणि स्वयंचाचणी यांच्या जोडीला चर्चामंच हा चौथा भाग ठेवलेला आहे. धड्यातली शंका तिथे विचारली की एक उत्तर शेकडो जणांना दिसते. गुणांची चूक, आजारपण, नावातली दुरुस्ती या खासगी गोष्टींसाठीच मेल. मंचावर सगळ्यांसमोर विचारायची लाज वाटते म्हणून अनेक जण मेलकडे वळतात. पण आपल्याला अडलेला प्रश्न निम्म्या तुकडीलाही अडलेला असतो.

व्हॉट्सॲप असताना मेल कशाला?

व्हॉट्सॲप सोपे आहे, यात वाद नाही. पण निळ्या टिका दिसल्या की ‘पाहिले, तरी उत्तर नाही’ हा राग तिथूनच सुरू होतो. शिक्षकाचा खासगी नंबर शेकडो जणांकडे जातो. मॅडमना रात्री साडेबाराला ‘हाय’ येतो. विद्यार्थिनीलाही अनोळखी ग्रुपमध्ये आपला नंबर उघडा करावा लागतो. मेलमध्ये ही अडचण नाही. शिवाय मेलवर तारीख-वेळ असते आणि तो वर्षभराने शोधला तरी सापडतो. पुढे तक्रारीची वेळ आली तर त्याचा उपयोग होतो.

मग किती वेळ थांबायचे?

परदेशातील अनेक महाविद्यालये अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावरच लिहून टाकतात : कामाच्या दिवशी २४ किंवा ४८ तासांत उत्तर मिळेल. अमेरिकेत १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या संघराज्य नियमांनुसार, सरकारी अर्थसाह्यास पात्र असलेल्या दूरशिक्षणात शिक्षकाचा विद्यार्थ्याशी नियमित संवाद बंधनकारक आहे आणि प्रश्नांना उत्तर देणे हा त्या संवादाचा भाग मानला जातो. आपल्याकडे माहिती अधिकारात ३० दिवसांची मुदत रिक्षावाल्यालाही पाठ असते. शंकेला उत्तर किती दिवसांत, हे मात्र बहुतेक ठिकाणी ज्याच्या-त्याच्या सोयीवर.

ते ठरवायला सरकारी आदेशाची गरज नाही. पहिल्याच तासाला शिक्षकाने एवढे सांगितले तरी पुरते : ‘मेलचे उत्तर दोन कामाच्या दिवसांत देईन. शनिवारी संध्याकाळनंतर पाहत नाही. मुदतीच्या आदल्या रात्री आलेल्या शंकेला उत्तराची खात्री नाही.’ कामाचे दिवस म्हणजे काय, हेही स्पष्ट हवे. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची इथे सुट्टी. चेन्नई किंवा खरगपूरला त्या दिवशी काम सुरू. ईद, दिवाळी, पोंगल यांचेही तसेच.

लगेच सविस्तर लिहिणे शक्य नसेल तर ‘मेल मिळाला, गुरुवारी लिहितो’ ही एक ओळ विद्यार्थ्याला दोन दिवस निवांत ठेवते. रात्री उत्तर लिहिण्याची सवय असलेल्या शिक्षकांसाठी जीमेलमध्ये वेळ ठरवून मेल पाठवण्याची सोय आहे. मेल सकाळी नऊला गेला की विद्यार्थीही मध्यरात्री उत्तराची अपेक्षा धरत नाहीत.

विद्यार्थ्याने लिहायचे कसे?

खरे तर हे सगळ्यांना शाळेतच शिकवलेले असते. दहावीच्या मराठीत पत्रलेखन असते. प्रति, विषय, महोदय, खाली नाव-पत्ता. मोबाइल हातात आला की तेवढेच विसरले जाते. शिक्षक मराठी जाणणारे असतील तर मेल सरळ मराठीत लिहावा. ‘रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट’ अशी उसनी इंग्रजी दोन परिच्छेद चालते आणि शंका तिसऱ्यात सापडते.

असा मेल चालेल :

*विषय : बी.ए. द्वितीय वर्ष, अर्थशास्त्र, गृहपाठ २, प्रश्न ४*

*नमस्कार मॅडम, सीमांत खर्च काढताना मी स्थिर खर्चही धरला, पण उत्तर पुस्तकातल्या तक्त्याशी जुळत नाही. हा घटक पुन्हा वाचला. स्थिर खर्च धरायचा की नाही, एवढे सांगाल का? गृहपाठ शुक्रवारी द्यायचा आहे. वहीच्या पानाचा फोटो जोडला आहे.*

*(पूर्ण नाव, पीआरएन, अभ्यास केंद्र)*

या मेलला एका ओळीत उत्तर देता येते. आपण काय करून पाहिले आणि नेमके कुठे अडले, हे त्यात आहे. ‘अर्जंट’ हा शब्द नाही. शुक्रवार आहे, तो पुरेसा. फोटो मात्र खरोखर जोडला का, ते पाहावे. पाठवल्यावर चूक लक्षात आली तर जीमेल जास्तीत जास्त ३० सेकंदांपर्यंत मेल मागे घेऊ देते, तेही सेटिंग बदलून ठेवले असेल तर.

उत्तर आलेच नाही तर?

सांगितलेली मुदत उलटू द्यावी. मग नवा मेल न करता त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण द्यावी. जुना मजकूर शिक्षकांना समोरच दिसतो. पहिल्याच आठवणीत प्राचार्यांना सीसी करू नये. त्यातून उत्तर येते, संबंध मात्र बिघडतो. दुसरी आठवणही वाया गेली तर अभ्यासक्रम समन्वयक किंवा अभ्यास केंद्राचे प्रमुख. प्रश्न गुणांचा किंवा निकालाचा असेल तर आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी आणि तिने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायला हवा. तिच्यापुढे तारखांसह जुने मेल ठेवता येतात. फोनवर काय बोलणे झाले, ते दाखवता येत नाही.

एक गोष्ट मात्र सत्र सुरू होण्याआधीच तपासून घ्यावी. प्रवेश अर्ज नेट कॅफेतून भरला असेल तर त्यावर मेलचा पत्ता कोणाचा आहे? तो कॅफेवाल्याचा असेल, किंवा आपलाच असून पासवर्ड हरवला असेल, तर शिक्षकांनी वेळेत पाठवलेले उत्तरही आपल्यापर्यंत पोहोचणार नाही. केंद्रावर अर्ज देऊन पत्ता बदलून घ्यावा आणि नव्या पत्त्यात ‘किंग’ नसावे.