चटई पसरली की बालवाडी

१९९५ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने बालवाडीसाठी इमारतीची वाट पाहिली नाही. वस्तीतलीच मुलगी ताई झाली. कुणाच्या घरात, देवळात चटई पसरली की वर्ग भरला. हे शिक्षण पुढे टिकतं का? अमेरिकेत १९६२ साली सुरू झालेल्या पेरी बालवाडीतल्या गरीब मुलांचा अभ्यासकांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. बुद्ध्यांकातली आघाडी काही वर्षांत ओसरली. शालेय शिक्षण पूर्ण करण्यात आणि कमाईत मात्र ही मुलं बालवाडीत न गेलेल्यांच्या पुढे राहिली. चिंचोके मोजणं, आपला नंबर येईपर्यंत थांबणं, गोष्ट मध्येच थांबवून ‘का?’ विचारणं, हाच बालवाडीच्या वयाचा खरा अभ्यास. अंधेरी असो वा मुलुंड, बालवाडी निवडताना वह्या पाहू नका. मुलं किती बोलतात ते ऐका.