आधी अक्षरे, मग अंक : ऊर्जेचा हिशेब मांडण्याची रीत

आदिलाबाद जिल्ह्यातील भीमपूर मंडल पैनगंगेच्या परिसरात वसलेले आहे. नदीपलीकडे महाराष्ट्राचा यवतमाळ जिल्हा लागतो. या भागातील शेतकऱ्यास विहिरीतील पाणी पंपाने वर आणावे लागते. याच जिल्ह्यात कुंटाला येथे कडेम नदीचे पाणी सुमारे ४५ मीटर खाली कोसळते. पाणी वर चढविणे आणि पाणी खाली पडणे, या दोन्ही घटनांमागे निसर्गाचा एकच हिशेब आहे. त्यास ऊर्जा अक्षय्यतेचा नियम म्हणतात. माध्यमिक शाळेतील विद्यार्थी हा नियम पाठ करतात. परंतु त्याच्या आधारे उदाहरण सोडविण्याची वेळ आली की अनेकांचा गोंधळ उडतो. उदाहरणातील आकडे दिसताच ते सूत्रात घालण्याची घाई, हे या गोंधळाचे एक प्रमुख कारण होय.

नियम काय सांगतो?

ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही. ती एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते. उंचावर असलेल्या वस्तूत तिच्या स्थानामुळे जी ऊर्जा साठलेली असते, ती स्थितिज ऊर्जा. वस्तू खाली येऊ लागली की ही ऊर्जा कमी होत जाते आणि तेवढीच गतिज ऊर्जा वाढत जाते. घर्षण व हवेचा विरोध नगण्य असेल, तर दोहोंची बेरीज आरंभापासून अखेरपर्यंत कायम राहते.

आता वस्तुमानास ‘व’, गुरुत्व त्वरणास ‘ग’, उंचीस ‘उ’ आणि चालीस ‘च’ म्हणू. पाठ्यपुस्तकांत यासाठी रोमन अक्षरे असतात. येथे सोयीसाठी मराठी अक्षरे घेतली आहेत. वरच्या टोकाला वस्तू स्थिर आहे व तळाशी तिची उंची शून्य आहे, असे धरल्यास हिशेब असा मांडता येतो :

व × ग × उ = १/२ × व × च × च

दोन्ही बाजूंस ‘व’ आहे. तो काढून टाकला की उरते :

च × च = २ × ग × उ

म्हणजेच २, ग व उ यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ ही तळाशी येणारी चाल होय.

अक्षरांचा लाभ

एक अंकही न घालता या ओळीतून तीन गोष्टी समजतात. पहिली अशी की, उत्तरात वस्तुमान नाही. दोन किलोग्रॅमचा दगड आणि दहा किलोग्रॅमचा दगड ५ मीटर उंचीवरून सोडले, तर दोघांचीही तळाशी येणारी चाल सेकंदाला सुमारे ९.९ मीटर असते. जो विद्यार्थी आरंभीच आकडे घालतो, तो दोन वेळा लांबलचक गुणाकार करतो. दोन्ही उत्तरे सारखी आली की त्यास आश्चर्य वाटते, पण कारण उमगत नाही.

दुसरी अशी की, उंची चौपट केली तर चाल दुप्पट होते, चौपट नव्हे. तिसरी अशी की, वस्तू सरळ पडली की गुळगुळीत उतारावरून घसरली, याचा या ओळीत कोठेही उल्लेख नाही. घर्षण नसेल तर केवळ उंचीतील फरक महत्त्वाचा ठरतो. झोक्याच्या तळाशी येणारी चाल याच रीतीने काढता येते.

चूक शोधण्यासही अक्षरे उपयोगी पडतात. उंची शून्य धरली तर चाल शून्य यावयास हवी. त्वरण आणि उंची यांच्या गुणाकारातून चालीच्या वर्गाचेच एकक मिळावयास हवे. ही पडताळणी शिक्षकांस फळ्यावर क्षणात करून दाखविता येते. आकड्यांच्या गर्दीत मात्र चूक लपून राहते.

कुंटाल्याचे पाणी

४५ मीटर उंची व ९.८ हे गुरुत्व त्वरण घेतल्यास चाल सेकंदाला सुमारे ३० मीटर येते. प्रत्यक्षात कुंटाल्याचे पाणी खडकांवर आपटत, टप्प्याटप्प्याने उतरते. त्यामुळे तळाशी एवढी चाल दिसत नाही. मग ऊर्जा गेली कोठे? तिचे मुख्यतः उष्णतेत रूपांतर झाले. पाण्याच्या विशिष्ट उष्णतेस ‘स’ आणि तापमानातील वाढीस ‘त’ म्हटल्यास :

व × ग × उ = व × स × त

येथेही ‘व’ निघून जातो. धार बारीक असो वा नदीला पूर आलेला असो, तापमानातील वाढ ग व उ यांच्या गुणाकारास ‘स’ ने भागून मिळते. कुंटाल्यासाठी ती अंश सेल्सियसच्या जेमतेम एक दशांश येते. बाष्पीभवन व वारा यांमुळे एवढा सूक्ष्म फरक मोजणे फार कठीण जाते. इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स जूल यांनी १८४० च्या दशकात खाली उतरणाऱ्या वजनांच्या साहाय्याने पाणी घुसळून यांत्रिक कार्य आणि उष्णता यांचे प्रमाण ठरविले. १८४७ मध्ये विवाहानंतरच्या प्रवासातही ते आल्प्समधील धबधब्याचे तापमान मोजण्यासाठी तापमापक घेऊन गेले होते, असे सांगतात.

पाण्याची ही ऊर्जा खडकांवर वाया न घालविता चक्रावर घेतली तर वीज मिळते. खोपोली येथे १९१५ मध्ये सुरू झालेल्या टाटांच्या जलविद्युत केंद्रात लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी सुमारे ५०० मीटर खाली आणले जाते. वरच्याच ओळीत ‘उ’ च्या जागी ५०० घातले की चाल सेकंदाला सुमारे ९९ मीटर येते. गणित पुन्हा मांडावे लागत नाही, हे या रीतीचे मोठे सामर्थ्य होय.

शेतकऱ्याचा हिशेब

पाणी वर चढविताना हाच हिशेब उलट दिशेने चालतो. व × ग × उ एवढी ऊर्जा आता आपणांस पुरवावी लागते. एक हजार लिटर पाण्याचे वस्तुमान एक हजार किलोग्रॅम. ते २० मीटर उचलण्यास १,९६,००० जूल ऊर्जा लागते. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. म्हणजे काहीही वाया गेले नाही, तर एका युनिटमध्ये सुमारे १८,००० लिटर पाणी वर येईल. पंप, मोटार व नळ यांत मिळून निम्मी ऊर्जा वाया गेली, तर हा आकडा ९,००० लिटरवर येतो.

या हिशेबात ‘व’ राहतो, कारण येथे एकूण ऊर्जा काढावयाची आहे. म्हणून पाणी दुप्पट हवे असेल तर वीजही दुप्पट लागते. पाण्याची पातळी खालावून उंची दीडपट झाली, तर तेवढ्याच पाण्यास वीजही दीडपट लागते. पंपाची निवड करताना आणि नळातील गळती व घर्षण कमी करताना हे ध्यानी ठेवणे हिताचे आहे.

सीमेवरील या भागात मराठी व तेलुगू या दोन्ही भाषा नांदतात. शिकविण्याची भाषा बदलली तरी समीकरणाचा अर्थ बदलत नाही. शिक्षकांनी प्रत्येक उदाहरणात प्रथम आरंभीची व अखेरची स्थिती लिहून घ्यावी, ऊर्जेचा हिशेब अक्षरांत मांडावा, समान राशी काढून टाकाव्यात आणि शेवटच्या ओळीतच अंक घालावेत. ही सवय लागली म्हणजे शाळेच्या वहीतील समीकरण विद्यार्थ्यास घरच्या विहिरीवरही लावता येईल.