इजारा

जुनी दफ्तरे चाळण्याचा ज्यांना नाद आहे त्यांना 'इजारा' हा शब्द समजावून सांगावयास नको. ठरावीक मुदतीपुरता, ठरावीक रकमेच्या मोबदल्यात, दुसऱ्याच्या मिळकतीचा उपभोग घेण्याचा तो मक्ता. माझी त्याच्याशी प्रत्यक्ष गाठ मात्र मोडी रुमालात न पडता, दुबईच्या शारजाकडील अंगाला असलेल्या अल कुसैस या वस्तीत, एका टायपिंग सेंटरच्या मेजावर, दोन खोल्यांच्या घराचा करारनामा उलगडला गेला तेव्हा पडली. २०१० पासून येथील भाडेकराराची जी सरकारी नोंदणी होते तिचे नावच 'इजारी', म्हणजे 'माझे भाडे'. टायपिंगवाला अरबी मजकूर पुटपुटत तपासू लागला, तो त्यातून 'मालिक', 'मबलग', 'तारीख', 'शुरूत' असे शब्द एकामागून एक कानी येऊ लागले. आणि ज्या लिपीचे एक अक्षर मला धड लावता येत नव्हते, त्या कागदातून आजोबांच्या जमिनीच्या खतातली भाषा ऐकू यावी, याचे नवल वाटल्यावाचून राहिले नाही. 'मबलग'पुढे दिरहम होते एवढाच काय तो फरक; तोही १९६६ पर्यंत नव्हता, कारण तोवर या किनाऱ्यावर रुपयाच चालत असे.

हप्तेबंदीची रीत मात्र मला नवी होती. वर्षाचे भाडे चार भागांत, तीन-तीन महिन्यांच्या अंतराने पुढील तारखा घातलेल्या चार धनादेशांनी, आजच मालकाच्या हाती ठेवावयाचे; शिवाय पाच टक्के अनामत. शेवटच्या धनादेशावर मी सवयीने चालू वर्षच घातले, आणि खाडाखोड चालत नसल्यामुळे तो फाडून नवा लिहिला.

त्यानंतर वीज आणि पाणी. या दोहोंच्या सरकारी खात्याला लोक 'दीवा' म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांनी घडलेले ते नाव आहे, पण वीज देणाऱ्याला मराठी माणसाने याहून चांगले नाव दिले नसते. फ्लॅटसाठी त्याची अनामत दोन हजार दिरहम. आणि वार्षिक भाड्याच्या पाच टक्के इतकी नगरपालिकेची घरपट्टी बारा भागांत विभागून त्याच्याच मासिक बिलातून वसूल होते, हे पहिले बिल हाती पडेपर्यंत माझ्या ध्यानी आले नव्हते. प्रत्येक दारापाशी खात्याचा नऊ आकडी क्रमांक असलेली पाटी असते. पत्रे घरी येत नाहीत, ती टपालपेटीत जातात. तेव्हा जुन्या खतातल्या 'साकिन मौजे अमुक' या ऐसपैस पत्त्याच्या जागी आता हे नऊ आकडे.

मिक्सरची गोल पिन येथील चौकोनी भोकांत शिरेना, म्हणून खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, अडॅप्टर आणला. इमारतीच्या रखवालदाराला येथे 'नातूर' म्हणतात. आमचा नातूर पेशावरकडचा, वयस्कर. त्याला आम्ही चाचा म्हणतो. मे महिन्यात त्याने वर येऊन, काही न विचारता, न्हाणीघराबाहेरचा गीझरचा खटका बंद केला आणि आता ऑक्टोबरपर्यंत याला हात लावू नका, असे बजावले.

त्यामागचे शास्त्र असे. पाण्याच्या टाक्या गच्चीवर. दिवसभराच्या उन्हाने त्या इतक्या तापतात की थंड पाण्याच्या नळाखाली हात धरवत नाही. उलट गीझर घरात, एसीच्या गारव्यात टांगलेला. तो बंद ठेवला की त्यात साठलेले पन्नासएक लिटर पाणी रातोरात निवते. म्हणून उन्हाळ्यात गार पाणी हवे असेल तर लाल खुणेचा नळ सोडावा, आणि कढत हवे असेल तर निळ्या खुणेचा. आलेले पाहुणे हटकून भाजून घेतात. परंतु या उफराट्या व्यवस्थेतही एक मर्यादा आहे: गीझरमधून जितके गार पाणी काढावे तितके गच्चीवरचे तापलेले पाणी त्यात शिरते, त्यामुळे पहिला स्नान करणारा सुखी, दुसरा तडजोड करणारा, आणि तिसऱ्याच्या वाट्याला पुन्हा गच्चीच.

घरात आम्ही तिघे. मुलाची शाळेची बस सर्वांत आधी येते, पत्नीला मेट्रो गाठावयाची असते. तेव्हा अग्रक्रमाचा वाद संभवतच नाही. मी गावाकडून आणलेली पितळी बादली रात्रीच भरून एसीच्या झोताखाली ठेवतो आणि वर ताट झाकतो. विमानतळ जवळ असल्यामुळे मध्येच एखादे विमान डोक्यावरून जाते, तेव्हा ते ताट किंचित किणकिणते.