भरलेले दात आणि दंतशुभ्रीकरण

शुभ्र दंतपंक्ती हे सौंदर्याचे लक्षण होय, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. अलीकडे मात्र तिला बाजारपेठेचे बळ लाभले आहे. दात पांढरे करणारी द्रव्ये आता औषधांच्या दुकानांत आणि घरपोच येणाऱ्या मालातही सहज मिळतात. नोकरीची मुलाखत किंवा विवाह जवळ आला की तरुण-तरुणी त्यांकडे वळतात. त्यांपैकी अनेकांच्या दातांत पूर्वी केव्हातरी चांदी वा सिमेंट भरलेले असते. अशा भरलेल्या दातांना हा उपचार कितपत सुरक्षित आहे, हे म्हणूनच नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

रंग कसा जातो?

चहा, तंबाखू व मिश्री यांचे डाग दातांवर बाहेरून चढतात. दंतवैद्याने दात स्वच्छ केले की ते बहुतांशी निघतात. वयोमानाने आत मुरलेला पिवळेपणा मात्र अशा सफाईने जात नाही. त्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कार्बामाइड पेरॉक्साइड वापरतात. ही द्रव्ये दाताच्या वरच्या कठीण थरातून, म्हणजे एनॅमलमधून, आत झिरपतात व रंगद्रव्याचे रेणू तोडतात. १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचा लेप साच्यात घालून रात्री दातांवर ठेवण्याची पद्धत हेवूड व हेमन या अमेरिकी दंतवैद्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केली. या लेपातून सुमारे साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. दंतवैद्याच्या देखरेखीखाली निरोगी दातांवर ही पद्धत सुरक्षित मानली जाते. काही दिवस दात शिवशिवणे व हिरड्या चुरचुरणे हे तिचे नेहमीचे, परंतु तात्पुरते परिणाम होत.

भरणावर होणारा परिणाम

पहिली गोष्ट अशी की, या द्रव्यांनी दात पांढरा होतो. त्यात भरलेला पदार्थ पांढरा होत नाही. दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट भरण किंवा चिनी मातीची टोपी यांचा मूळ रंग कायम राहतो. परिणामी पुढच्या दातातील पूर्वी न दिसणारे भरण उपचारानंतर पिवळट ठिपक्यासारखे उठून दिसते. ते बदलावयाचे तर खर्च वाढतो. मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबाला याची कल्पना आधीच दिली गेली पाहिजे.

चांदीच्या भरणात सुमारे निम्मा भाग पारा असतो. पेरॉक्साइडच्या संपर्काने त्यातून थोडा अधिक पारा सुटतो, असे प्रयोगशाळेतील चाचण्यांत आढळले आहे. असे भरण बहुधा दाढांत असते आणि दाढा पांढऱ्या करण्याची गरज क्वचितच पडते. तेव्हा तेथे लेप न लावणे हेच श्रेयस्कर.

खरा धोका असतो तो सैल झालेल्या भरणाचा. भरणाची कड उघडी पडली असेल किंवा त्याखाली कीड लागली असेल, तर द्रव्य थेट दाताच्या नाजूक गाभ्यापर्यंत पोहोचते. मग तीव्र कळा येतात व गाभ्याला सूज येऊ शकते. भरण शाबूत आहे किंवा नाही, हे आरशात पाहून कळत नाही. त्यासाठी दंतवैद्याची तपासणी आणि गरजेनुसार क्ष-किरण चित्र आवश्यक आहे.

उपचाराचा क्रम

प्रथम तपासणी, नंतर किडीवर उपचार व सफाई, त्यानंतर शुभ्रीकरण आणि शेवटी पुढच्या भरणाची बदली, हा योग्य क्रम होय. शुभ्रीकरणानंतर सुमारे दोन आठवडे दातात ऑक्सिजनचा अंश राहतो. तो कॉम्पोझिटला नीट घट्ट होऊ देत नाही. म्हणून नवे भरण तेवढा काळ थांबूनच बसवावे. गरोदर व स्तनदा मातांनी हा उपचार पुढे ढकलावा. युरोपीय संघात २०१२ पासून ०.१ टक्क्यापेक्षा अधिक व ६ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली द्रव्ये केवळ दंतवैद्यामार्फतच मिळतात. १८ वर्षांखालील व्यक्तींना ती देता येत नाहीत. आपल्याकडे कायद्यानुसार दंतवैद्यांची नोंदणी होते. उपचार घेण्यापूर्वी ही नोंदणी पाहून घ्यावी.

घरगुती उपाय व गावाची जबाबदारी

लिंबू चोळणे किंवा कोळशाची पूड घासणे हे उपाय निरुपद्रवी नव्हेत. लिंबाचे आम्ल एनॅमल विरघळवते व सिमेंटचे भरणही झिजवते. झिजलेले एनॅमल पुन्हा येत नाही. उलट त्याखालचा पिवळा थर अधिक दिसू लागतो. पांढरे करावयास गेलेला दात अशा रीतीने कायमचा पिवळा पडतो.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड यांसारख्या जिल्ह्यांतील काही गावांत भूजलातील फ्लोराइडमुळे मुलांच्या दातांवर डाग पडतात. तेथे शुभ्रीकरण हे मूळ दुखण्यावरील औषध नव्हे. पाण्यातील फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या मर्यादेत ठेवणे, नपेक्षा पर्यायी पाणी पुरवणे, हे काम पंचायतीचे आहे. तसे झाले तर पुढच्या पिढीचे दात डागांपासून वाचतील.

शिक्षकांनाही येथे मोठे कार्य आहे. २०१३ पासून राबविल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शालेय मुलांच्या दातांचीही तपासणी होते. त्या वेळी आढळलेली कीड वेळीच भरून घेतली, तर दात टिकतो. दात शुभ्र असण्यापूर्वी तो शाबूत असला पाहिजे, एवढी जाणीव विद्यार्थी व पालक यांच्यात रुजविली, तर त्यापुढील पुष्कळशी हानी टळेल.