अडीच लिटर

उन्हाळ्यात मुतखड्याचे रुग्ण वाढतात आणि त्यांत ऊसतोडीहून परतलेल्या बायका असतात, असं एका यूरॉलॉजिस्टांनी सांगितलं. ते ऐकून राहवेना. परवानगी घेऊन मराठवाड्यातल्या त्यांच्या दवाखान्यात जाऊन बसलो.

बाकावर एक बाई कळवळत होती. धड बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. कंबरेतली कळ जांघेत उतरत होती, उलट्या चालू होत्या. "चार बाळंतपणं झाली, पण असलं दुखलं नाही," ती म्हणाली. खडा अडकला की लघवी मागे तुंबते, मूत्रपिंड फुगतं; कळ त्या ताणाची. इंजेक्शन, तपासण्या, सोनोग्राफी झाली. 5 मिलिमीटरच्या आतला खडा बहुतेक वेळा आपोआप पडतो. हिचा 9 मिलिमीटरचा, मूत्रपिंडाच्या तोंडाशी अडकलेला.

दुसऱ्या दिवशी तिला लिथोट्रिप्सीच्या, म्हणजे बाहेरून धक्के देऊन खडा फोडणाऱ्या, मशीनवर घेतलं. बरगडीखाली जेल, त्याला टेकलेली पाण्याची गादी, आणि त्यातून जाणारे धक्के: टक्, टक्, टक्. मिनिटाला साठेक, एकूण अडीच-तीन हजार. तंत्रज्ञाची नजर पडद्यावरून हलत नव्हती. श्वासागणिक मूत्रपिंड वर-खाली सरकतं, खडाही सरकतो. नेम चुकला तर मार खड्याऐवजी भोवतालच्या मांसाला. म्हणून तो मधेच थांबायचा, "ताई, सोसतंय ना?" विचारायचा आणि तिनं मान हलवल्यावरच पुढे जायचा. त्या विचारण्यातली माया मला मशीनइतकीच मोलाची वाटली. हा उपचार माणसावर पहिल्यांदा झाला 1980 साली, म्युनिकमध्ये. त्याआधी अशा खड्यासाठी बहुधा कूसच चिरावी लागे.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "दिवसाला अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. पाणी किती प्यालात ते मोजू नका, लघवी किती झाली ते बघा."

"अडीच लिटर?" बाई खाली बघत म्हणाली. "साहेब, पाणी पिलं की जावं लागतंय. अन् उसाच्या फडात सगळे गडी. जायचं कुठं? मी दिवसभर तोंडच ओलं करते नुसतं."

उन्हात घाम जातो, पाणी पोटात नाही, लघवी घट्ट होते, तिच्यातले क्षार बसतात आणि खडा धरतो. त्यातून उपाय केला नाही, तर दहा वर्षांत सुमारे निम्म्या रुग्णांना खडा पुन्हा होतो. अडीच लिटरचा सल्ला अगदी बरोबर आहे, पण तो पाळायची सोय या बाईच्या हातात नाही. तिचा खडा मशीनने फोडला. तो घडवला फडाने.

साखर कारखान्यांनी आणि मुकादमांनी येत्या हंगामाआधी प्रत्येक फडाजवळ पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी आडोशाचं, दार लागणारं शौचालय उभं करावं. हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो.